घरची सिस्टीम की समोरचं गाणं? आणि ‘समोरचं’ म्हणजे तरी कुठलं?

खर्जातला

इथे हाय-फायवर निघालेला प्रत्येक धागा फिरून फिरून केबलवर येतो आणि तिथेच हाणामारी सुरू होते. या धाग्यावर केबल बंद. ज्यांना चांदीच्या आणि तांब्याच्या तारेतला फरक ऐकू येतो त्यांना माझा दंडवत, पण त्यांनी वेगळी चूल मांडावी.

माझा प्रश्न मोजपट्टीचा आहे. महागड्या सिस्टीमचं कौतुक करायचं झालं की वाक्य ठरलेलं: ‘अगदी समोर बसून गातायत असं वाटतं.’ ही मोजपट्टी आपली नाही. अमेरिकेत हॅरी पीअर्सन यांनी 1973 साली ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ हे मासिक काढलं आणि तिचा पुरस्कार केला. खऱ्या जागेत, माईकशिवाय वाजणारी खरी वाद्यं जशी ऐकू येतात तो आवाज प्रमाण मानायचा आणि सिस्टीम त्याच्या किती जवळ जाते ते पाहायचं. तिथे ते जमून जातं, कारण व्हायोलिनं, तुताऱ्या, टिंपनी हा सगळा लवाजमा आजही सभागृहात बिनमाईकचा वाजतो.

आपलं काय? ख्याल, ठुमरी, सतार, संतूर, जे काही आपण ‘लाईव्ह’ म्हणून ऐकतो ते बहुतेक वेळा स्पीकरमधूनच ऐकतो. सवाईच्या मांडवात मागच्या भारतीय बैठकीत बसलेल्या माणसापर्यंत गवयाच्या गळ्यातून थेट निघालेला आवाज पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. पोचतो तो माईक, मिक्सर, अँप्लिफायर आणि टांगलेले स्पीकर असा प्रवास करून. म्हणजे घरची सिस्टीम आणि लाईव्ह अशी तुलना करताना आपण दोन स्पीकरांची तुलना करतो, आणि त्यातल्या एकाला ‘अस्सल’ म्हणतो!

तर माझं म्हणणं असं. बरी सिस्टीम, बरी खोली आणि बरं रेकॉर्डिंग असेल तर सुराचा पोत घरी मांडवापेक्षा चांगला ऐकू येतो. आकार टिकतो, श्वास ऐकू येतो, गमकेतले कण सुटे होतात. (मांडवाची मजा वेगळी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती माणसांची, रात्रीची आणि चहाची मजा आहे.) जिथे घरची सिस्टीम सपशेल हरते ती जागा म्हणजे बिनमाईकची घरगुती बैठक. दिवाणखाना, सतरंजी, तीस-चाळीस माणसं.

तिथे काय होतं ते नीट आठवून पाहा. गायक बोलाचा शेवट करता करता तबल्याकडे वळतो तेव्हा त्याच्या आवाजाची धार कमी होते, भिंतीवरून येणारा भाग वाढतो, आणि तो परत समोर वळला की तोच स्वर उजळतो. आपण ते ‘ऐकलं’ असं म्हणतही नाही, पण समोर माणूस आहे हे कानाला त्यावरूनच कळतं. रेकॉर्डिंगमध्ये हीच हालचाल ‘माईकवरून हलला’ अशी ऐकू येते. डग्ग्याचा घुमारा सतरंजीखालच्या फरशीतून मांडीला लागतो. आणि तानपुरा कुठून येतोय हे बोट दाखवून सांगता येत नाही, तो खोलीत भरलेला असतो.

सिस्टीमवाल्यांनी तुलना करायचीच तर या बैठकीशी करावी. खोली तेवढीच, आवाज तेवढाच, मग सबब उरत नाही. काय म्हणता?

फाटका_खिसा

पहिल्या बाकावर बसलोय. पॉपकॉर्न घेऊन.

नी_सा

+१. पण ‘माणसांची, रात्रीची आणि चहाची मजा’ हे हेटाळणीच्या सुरात का? दाद हाही गाण्याचाच भाग आहे. समेवर हजार माणसांची मान एकदम हलते तेव्हा गवई पुढचं आवर्तन वेगळं गातो. तो परिणाम तुमच्या स्पीकरमधूनही येतोच, फक्त तो शिळा असतो.

बोस्टनवासी

इथे बऱ्याच वर्षांपासून आहे, म्हणून धागाकर्त्यांनी ज्या मोजपट्टीचा उल्लेख केलाय तिच्या माहेरून थोडं लिहिते.

आमच्या गावचा सिम्फनी हॉल 1900 साली उघडला. हार्वर्डमधले वॉलेस सॅबिन यांनी त्याचं ध्वनिगणित केलं होतं. कुठल्या जागेत आवाज किती वेळ घुमत राहील हे जागेचं घनफळ आणि तिथलं ध्वनिशोषण यांवरून आधीच काढता येतं हे त्यांनी दाखवलं, आणि त्या गणितावर उभा राहिलेला हा पहिलाच मोठा हॉल. भरलेल्या सभागृहात घुमार साधारण दोन सेकंद टिकतो.

बाल्कनीत बसलं की वाद्यांकडून थेट येणारा आवाज थोडा आणि भिंती, छत, कोनाड्यांवरून येणारा जास्त. डोळे मिटून दुसरा ओबो कुठे बसलाय हे सांगता येतं का? छे. व्हायोलिनांचा एक पट्टा, खालच्या स्वरांचा एक डोंगर, एवढंच. आणि हाय-फायवाले त्यांच्या सिस्टीमबद्दल काय सांगतात? इमेजिंग! प्रत्येक वाद्य हवेत सुईच्या टोकावर उभं! ते सभागृहात नसतंच हो. ते माईकच्या जागेमुळे तयार होतं. माईक टांगलेले असतात कंडक्टरच्या डोक्याच्या वर, जिथे आजवर एकाही श्रोत्याने तिकीट काढलेलं नाही. त्यामुळे घरी ‘सभागृहापेक्षा जास्त स्पष्ट’ ऐकू येतं हे खरं आहे, पण तो सिस्टीमचा पराक्रम नव्हे, ते त्या माईकच्या जागेचं देणं आहे.

दुसरी बाजूही सांगते. आमच्या घरी स्पीकर बरे आहेत (नवऱ्याचा छंद, माझं कपाट त्यात गेलं). महलरची सिम्फनी त्यावर लावली की मला तरी ती नेहमी खिडकीतून पाहिल्यासारखी वाटते. आठ-दहा डबल बेस आणि मोठा ड्रम मिळून जेवढी हवा हलवतात तेवढी हलवायला बैठकीच्या खोलीत तेवढी हवाच नाही. पण एकटा चेलो किंवा चौघांचं क्वार्टेट लावलं की मी स्वयंपाकघरातून फसते. म्हणजे खर्जातला यांचा खोलीच्या मापाचा मुद्दा इकडच्या संगीतालाही लागू पडतो.

मुंबईकरांना हे पडताळायला विमानाचं तिकीट नको. एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे. एकदा मागच्या रांगेतून ऐका आणि घरी येऊन तीच रचना लावा.

तळेगावचा_टेपवाला

एनसीपीएवरून आठवलं. तिथलं टाटा थिएटर 1980 चं, वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. ते आपलं संगीत माईकशिवाय ऐकता यावं याच हेतूने बांधलं होतं. तिथेही आता कलाकार माईक मागतात. सवय!

बंड्या_साउंडवाला

खर्जातला काका, पोटावर पाय आणलात आमच्या. पण म्हणताय ते बरोबर आहे. मिक्सरच्या मागून कसं दिसतं ते सांगतो.

कार्यक्रमाआधी गायक येतात, तानपुरे जुळतात. पहिलं वाक्य: ‘मॉनिटरमध्ये (म्हणजे गायकाला स्वतःला ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा द्या.’ दिला. ‘अजून द्या.’ दिला. आता मॉनिटरमधला तानपुरा गायकाच्या माईकमध्ये शिरतो, तिथून परत मॉनिटरमध्ये, आणि शिटी वाजायला लागते. मग मी काय करतो, ज्या ज्या जागी शिटी वाजते त्या त्या जागी इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, खाच पाडतो. दोन-चार खाचा पडल्या की शिटी जाते. पण त्या खाचांबरोबर गायकाच्या आवाजातलं तेवढं मांसही जातं. तुम्ही मागे बसून म्हणता, ‘आज आवाज जरा पोकळ लागला बुवांचा.’ बुवांचा आवाज ठणठणीत होता.

तबला. डग्ग्याचा तळ जास्त सोडला की मांडवाचे खांब गुणगुणतात, कमी केला की तबलजी माझ्याकडे बघतात. संयोजकाला धमक पाहिजे असते कारण गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने धमक दिली होती. कापडी मांडवाला भिंती नाहीत, त्यामुळे गाण्याला जो घुमार ऐकू येतो तो मी यंत्रातून घातलेला असतो. देवळाचा घालू की दिवाणखान्याचा, हे माझं बोट ठरवतं. शास्त्रीय गाण्याला मी कमीच घालतो, पण घालतोच.

जुने लोक माईकशी खेळायचे. तार षड्जाला मागे, मंद्रात पुढे. त्यांचा आवाज सांभाळायला मला फार काही करावं लागायचं नाही. आता बरेच जण माईक ओठाला लावून गातात, मग कॉम्प्रेसर लावावा लागतो, म्हणजे मोठा आवाज यंत्राने दाबायचा. एकदा तो लागला की हळू आणि मोठा यातलं अंतर गेलं. गाण्यातलं सगळ्यात महाग सामान तेच आहे ना?

आता गंमत ऐका. ‘लाईव्ह कॉन्सर्ट’ म्हणून ज्या सीड्या निघतात त्यांतल्या बऱ्याच माझ्यासारख्याच्या मिक्सरमधून निघालेल्या तारेवर झालेल्या असतात. छोट्या सभागृहात तबला मुळातच जोरात ऐकू येतो म्हणून मी त्याला स्पीकरमधून कमी देतो. तारेवर तोच कमी तबला जातो. सभागृहात बसलेल्याला सगळं समतोल वाटलं आणि सीडीवर तबला शेजारच्या घरात! शहाणा रेकॉर्डिस्ट श्रोत्यांच्या बाजूला दोन वेगळे माईक लावून ते त्यात मिसळतो. म्हणजे तुमच्या लाखाच्या स्पीकरने ‘समोर बसल्यासारखं’ ऐकवायचं तरी काय, जर समोर बसलेल्याचा माईकच कोणी लावला नसेल?

मिरजेचा_जावई

बंड्याशी पूर्ण सहमत, आणि तानपुऱ्याबद्दल थोडी भर.

सासुरवाडीमुळे मिरजेला तंतुवाद्यांच्या गल्लीत उठबस आहे. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे अभिमानाने नमूद.) कारागीर जवारी (तारेची झणकार) काढत असतो तेव्हा जवळ बसून बघावं. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट दिसतो पण तो अगदी किंचित उताराचा असतो. कानशीने हलका हात फिरवायचा, तार लावायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा तार काढायची. मग घोडी आणि तार यांच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला की आवाज उघडतो, केसभर मागे आला की मिटतो. तार माथ्यावर घासत कंप पावते म्हणून एका तारेतून स्वरांची शिडीच्या शिडी निघते. लक्ष दिलं तर षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो.

हे सगळं बारीक, वरच्या पट्टीतलं काम आहे आणि ते भोपळा, तबली, दांडी अशा अख्ख्या अंगातून बाहेर पडतं. माईक लावतात भोपळ्यासमोर एका ठिकाणी. तो त्या ठिकाणचा आवाज घेतो.

आणि रेकॉर्डिंगमध्ये काय करतात? एक तानपुरा डाव्या कानात, एक उजव्या. असा तानपुरा जगात फक्त एका माणसाला ऐकू येतो, दोन तानपुऱ्यांच्या मधोमध बसलेल्या गायकाला. तबला मात्र असा पसरलेला असतो की एका स्पीकरमध्ये चाट आणि दुसऱ्यात डग्गा, म्हणजे तुम्ही तबलजींच्या मांडीवर बसलेले. एकाच गाण्यात श्रोत्याला दोन जागी बसवतात, आणि समोरच्या सतरंजीवर मात्र बसवत नाहीत.

खर्जातला

जावईबापू, क्या बात है! माझ्या मनात होतं पण असं मांडता आलं नसतं.

अपवाद आहेत. मोहनवीणावादक विश्वमोहन भट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचं वॉटरलिली या कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग (1992 चं, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये केलेलं) ऐका. मोजके माईक, समोर बसून वाजवणारी माणसं, त्या जागेचा खरा घुमार. ते लावलं की माझ्या खोलीची समोरची भिंत नाहीशी होते. त्याच स्पीकरवर तोच मोहनवीणेचा बाज दुसऱ्या एखाद्या स्टुडिओतल्या सीडीत डबाबंद वाटतो. स्पीकर तेच, अँप तोच. पैसे कुठे कामाला येतात आणि कुठे येत नाहीत याचा याहून सोपा पुरावा माझ्याकडे नाही.

उलट मोनो. आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं तांत्रिकदृष्ट्या गरीब, वरचे स्वर कापलेले, पण एकाच बिंदूतून गायक, तबला, पेटी सगळं येतं आणि प्रमाण बिघडत नाही. बैठकीच्या जवळ ती मला जास्त वाटतात.

बुद्धिवादी_भोपळा

सगळे फारच हळवे झालात. इतिहास सांगतो. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी ग्रामोफोन. मध्येच दिवे बंद. गायिका थांबायची, तबकडी चालू राहायची, आणि बदल कळला नाही असं लोक सांगायचे. तेव्हा माईकचं रेकॉर्डिंगही आलं नव्हतं, कर्ण्यात ओरडून तबकडी कोरत! त्यातली प्रसिद्ध गायिका ॲना केस. तिने म्हातारपणी सांगितलं की ती स्वतःचा आवाज यंत्राशी जुळवून गात असे.

1954 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये व्हार्फडेल या स्पीकर कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी भरल्या सभागृहात खरे वादक आणि रेकॉर्डिंग आलटून पालटून ऐकवलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही. मग अकूस्टिक रिसर्च कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेटला घेऊन तोच खेळ केला. वादक हातवारे करत राहायचे आणि आवाज स्पीकरचा असायचा. लोक फसायचे. सत्तर वर्षांपूर्वीचे स्पीकर! म्हणजे यंत्र पुरेसं चांगलं केव्हाच झालंय. बाकी सगळं मनाचे खेळ.

डेसिबलराव

भोपळेसाहेब, शेवटच्या उदाहरणात एक खुबी आहे. त्या क्वार्टेटचं रेकॉर्डिंग जागेचा घुमार टाळून केलेलं होतं. त्यामुळे स्पीकर सभागृहात वाजला की सभागृह आपला घुमार त्यात घालत असे, जसा तो खऱ्या वादकांना घालतो. घरी उलटं असतं. रेकॉर्डिंगमध्ये एका जागेचा घुमार आधीच आहे, वर तुमच्या खोलीचा. दोन जागा एकमेकींवर छापलेल्या. म्हणून त्या प्रयोगावरून ‘घरीही फसाल’ असा निष्कर्ष निघत नाही. (आणि तिथेही चौघंच वादक होते हे बोस्टनताईंच्या बाजूने जातं.)

आता थोडं गणित, कारण खरी भांडणं इथे सुटतात.

खोली. ठाण्या-पुण्यातली नेहमीची 10 बाय 12 ची धरा, उंची 10 फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. 12 फुटांच्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपास लाट अडकते, 10 फुटांत 56 च्या आसपास. उंचीही 10 फूट असल्यामुळे 56 दोनदा. यांच्या दुप्पटी 94 आणि 112. डग्ग्याची मींड याच परिसरातून वरखाली जाते. म्हणजे मनगटाने काढलेली सुंदर वाट तुमच्या खोलीत दोन ठिकाणी उगीच फुगते आणि मध्ये बसते. तबला महाग स्पीकरवरही ‘घुम्म’ वाटतो त्याचं कारण बहुतेक वेळा स्पीकर नसतो. बैठकीतही खोली तेवढीच असते हे खरं, पण तिथे माणसं असतात, आणि तबला कोपऱ्यात भिंतीला चिकटवून कोणी ठेवत नाही. स्पीकर मात्र आपण नेमके तिथेच ठेवतो.

पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवलं की आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. शेजाऱ्यांच्या भीतीने तुम्ही बैठकीपेक्षा हळू ऐकता, मग डग्गा आणि खर्ज आधी जातात. सिस्टीम तीच, गाणं अर्धं. शिवाय 10 डेसिबल वाढवायचे तर अँपला दहापट वॉट लागतात. सरासरीला एक-दोन वॉट पुरतात, पण तबल्याची कडक थाप क्षणभर त्याच्या कित्येक पट मागते. ती मिळाली नाही की थाप बोथट होते आणि आपण म्हणतो ‘लाईव्हची मजा नाही’.

आणि शेवटचा शत्रू, छताचा पंखा. सीडीची क्षमता 96 डेसिबल, चांगल्या एलपीची साधारण 60 ते 70. पंखा चालू असलेल्या खोलीत तळाचे कितीतरी डेसिबल पंख्यानेच खाल्लेले असतात. जावईबापूंचा तो तारेतला गंधार तिथेच असतो, पात्यांच्या घरघरीखाली.

नी_सा

म्हणजे सगळ्यात स्वस्त सुधारणा पंख्याचं बटण! हे कुठल्याही मासिकात छापून येणार नाही, त्यात जाहिरात नाही.

फाटका_खिसा

पॉपकॉर्न संपले, आता कामाचं बोला. माझ्याकडे 10 बाय 12 ची खोली, ऐकणं बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत, खिशात सगळं मिळून लाखभर. दुकानदार म्हणतो जमिनीवरचे मोठे टॉवर स्पीकर आणि सबवूफर घ्या, ‘कॉन्सर्टचा फील’ येईल. घेऊ?

डेसिबलराव

नको. त्या खोलीत सबवूफर म्हणजे 47 आणि 56 ला आमंत्रण. छोटे शेल्फवाले स्पीकर, स्टँडवर, मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत वापरायला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर काढला होता, तो माणसाच्या आवाजाला आजही मानतात. तो बाज पाहा, सेकंडहँड मिळालं तरी बघ. बाकी जाड सतरंजी, भरलेलं पुस्तकांचं कपाट, जाड पडदे. वीसेक हजार शिल्लक ठेव.

बंड्या_साउंडवाला

ती शिल्लक कशाला ते मी सांगतो. दुकानात जाण्याआधी दोन-तीन बिनमाईकच्या बैठका ऐक. पुण्यात, सांगलीत, डोंबिवलीत, पार्ल्यात घरगुती बैठका होतात, विचारलं की कळतं. तबलजीपासून आठ-दहा फुटांवर बस. मग दुकानात जाऊन ज्याचं तू बैठकीत ऐकलंस त्याचंच रेकॉर्डिंग लावायला सांग. दुकानदार त्याच्याकडचं जॅझ आणि काचा फुटल्याचे आवाज लावेल, ते ऐकू नकोस.

खर्जातला

बंड्याच्या सूचनेला दुजोरा. आणि टॉवर नकोच. स्पीकर आणल्यावर पहिल्या रविवारी कळव, आम्ही ऐकायला येतो. पंखा बंद हवा.

फाटका_खिसा

सगळ्यांचे आभार. स्टँड, सतरंजी, बैठका, सगळं मंजूर. पंख्याबद्दल गृहमंत्रालयाशी बोललो. उत्तर आलं, ‘मे महिन्यात पंखा बंद करून गाणं ऐकायचं असेल तर एकटा ऐक.’

डेसिबलराव

म्हणूनच सवाई डिसेंबरात असतं. (हलके घ्या.)